घागरा घातलेली गाय

आमच्या घरातलं भांडण एका गायीमुळं लागलं आणि दुसऱ्या गायीमुळं मिटलं. पहिली गाय तांबडी, चार पायांची, आमच्या कोठ्यात बांधलेली. दुसरी काळी-पांढरी, दोन पायांवर नाचणारी, आणि कमरेला घागरा. पहिलीनं लाथा मारल्या, दुसरीनं माझ्या डोक्याचं भुसकट केलं. आधी दुसरीचं सांगतो, कारण ती सापडली नसती तर पहिलीचं भांडण आजही चालूच असतं.

कळंबच्या स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चतुर्थीला देवळात गर्दी होते तेवढी सोडली, तर दुपारी माझ्याकडं माशीसुद्धा फिरकत नाही. त्या रिकाम्या वेळात मला एक नाद लागला. सिनेमाचे तुकडे घ्यायचे, मूळचा आवाज बंद करायचा आणि त्यावर आपली वऱ्हाडी चढवायची. हा नाद आमच्याकडं बऱ्याच जणांना आहे. गोरागोमटा हिरो विमानातून उतरतो आणि विचारतो, काहून बे, घ्यायले बैलबंडी नाही आणली काय. लोक हसून हसून लोळतात. सिनेमावाले मात्र हसत नाहीत. ते तक्रार करतात आणि व्हिडिओ उडतो. माझे लागोपाठ उडाले तेव्हा मी पेटलो. म्हटलं, आता ज्याला मालकच नाही असं काहीतरी शोधायचं.

तेव्हा इंटरनेटवर ती जुनी कार्टून सापडली. माझा आजोबा चड्डीत फिरत होता त्या काळातली असावीत. ज्यांनी काढली ते कधीच गेले, आता कोणाचा हक्क उरला नाही, असं तिथं लिहिलेलं होतं. त्यात बोलणं जवळजवळ नाहीच, नुसती पेटी आणि टणटण वाजणारं काहीतरी. आणि अर्धीअधिक कार्टून शेतातली. म्हणजे आपलाच धंदा.

पण ते शेत पाहून माझं डोकं फिरायचं. तिथं कोणी काम म्हणून करत नाही. सकाळी कोंबडा आरवला रे आरवला की कोठ्यापासून घरापर्यंत सगळे गुडघ्यात वाकून खालीवर व्हायला लागतात. घोडा, बदक, डुक्कर, शेतकरी, विहिरीचा रहाट, एवढंच काय, घरसुद्धा. शेतकऱ्याची विजार दोन पट्ट्यांवर खांद्याला टांगलेली. कोंबड्या तालावर अंडी घालतात आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिलं काम काय करतं, तर तेही गुडघ्यात वाकून खालीवर. मी पहिलं कार्टून वऱ्हाडीत करून टाकलं तर प्रेक्षकांनी मला धारेवर धरलं. एकानं विचारलं, या वावरात निंदाले कोण येते. दुसऱ्यानं नांगराला घोडा जुंपला म्हणून शेतकऱ्याची अक्कल काढली. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं तर दुकानात येऊन सांगितलं, की असा मालक आपल्याकडं असता तर दुसऱ्या वर्षी वावर विकून बसला असता. लोक कार्टून पाहत नव्हतेच, शेजाऱ्याच्या वावरात डोकावत होते.

आणि ती गाय. चांगली धष्टपुष्ट, गळ्यात घंटा, पापण्या लांब, आणि कमरेला घागरा. कास दिसू नये म्हणून त्या काळच्या कोण्या सोवळ्या माणसानं तो नेसवला असणार. माझ्या मायनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, बरं दिसते बाई, अब्रूची चाड हाय. मग जरा विचार करून तिनं विचारलं, पण पिळतीन कशी हिले.

अडचण आवाजाची होती. सगळे आवाज मीच काढायचो. कोंबडा जमायचा, बदक तर फार झकास जमायचं, पण गायीचा आवाज काढला की लोक खाली लिहायचे, गायीला मूळव्याध झाली काय. मी बिनलग्नाचा, घरात बायकोचा आवाज नाही. मायचा आवाज बारीक, फोनपर्यंत पोचायच्या आत विरतो. वहिनी नुकतीच बाळंतीण. उरली फक्त बाई.

बाई म्हणजे आमची सगळ्यात मोठी बहीण. तिच्या पाठचा भाऊ, त्याला मी भाऊच म्हणतो, आणि शेंडेफळ मी. बाई दिग्रसजवळच्या गावी दिलेली. तिचा आवाज असा, की ती बांधावर उभी राहून हाक मारायची आणि आम्ही तीन वावरं सोडून खेळत असलो तरी चपला हातात घेऊन पळत यायचो. माय कापूस वेचायला जायची, म्हणून भाऊला आणि मला वाढवलं बाईनंच. नाक पुसणं, जेवू घालणं आणि बदडणं, तिन्ही खाती तिच्याकडंच होती. असं असून आता घोडं कुठं अडलं होतं, तर बाई आणि भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नव्हते.

ते भांडण असं. बाईच्या घरी दुभतं नव्हतं, म्हणून भाऊनं मोठ्या मनानं आपली तांबडी गाय तिला दिली. वासरासकट. सोबत तिच्या खुराकाला सरकी ढेपेचं पोतं. आमच्याकडं ती गाय बादली भरून दूध द्यायची, अख्खं गाव साक्षीला होतं. टेम्पो बाईच्या दारात लागला तेव्हा बाईनं गायीच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं, लक्ष्मी आली म्हणाली. बाईचं सासर माळकरी. त्या घरात कुत्र्यालासुद्धा अरे-तुरे करत नाहीत. संध्याकाळी बाई पिळायला बसली तर तांबडीनं वासराला पाजलं आणि बाईची वेळ आली तशी कास आखडून घेतली. एक थेंब नाही. वरून लाथ. दुसऱ्या दिवशी तेच, आठवडाभर तेच. बाई गायीच्या पाठीवरून हात फिरवायची, दे माय, दे लक्ष्मी म्हणायची, आणि गाय बादली उडवायची. शेजारच्या बाया पाहायला यायला लागल्या.

बाईनं आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं, की भावानं खोडील गाय गळ्यात मारली, मले फसवलं. भाऊनं लिहिलं, गाय चांगली हाय, तुलेच पिळता येत नाही. बस्स. दुसऱ्या दिवशी त्याच टेम्पोतून गाय परत. वासरू परत. उरलेली ढेपसुद्धा परत. तांबडी खाली उतरली, आपल्या दाव्याशी जाऊन उभी राहिली आणि त्याच संध्याकाळी तिनं भाऊला फेसाळ बादली भरून दिली. भाऊनं त्या बादलीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर लिहिलं नाही, नुसती बादली. बाई ग्रुप सोडून गेली.

तेव्हापासून रक्षाबंधन नाही, भाऊबीज नाही. मायनं दोघांनाही समजावलं. भाऊ म्हणायचा, तिनं मले फसव्या म्हटलं, ते मागं घ्यावं. बाई म्हणायची, त्यानं एक शब्द बोलावा, मी पायी चालत येईन. तो एक शब्द कोणाच्याच तोंडातून निघत नव्हता.

मोठी माणसं काय, न बोलता वर्षं काढतात. पण मधेच भाऊला मुलगी झाली. लग्नाला बरीच वर्षं लोटल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर झाली. आणि आमच्याकडं बारशाला आत्या लागते. आत्यानंच बाळाला पाळण्यात घालायचं, कानाशी तोंड नेऊन कुर्र करायचं आणि नाव सांगायचं, आणि ती वाकली की मागून बायांनी तिच्या पाठीत दणादण बुक्क्या घालायच्या. भाऊबंदांनी सुचवलं, की चुलत बहीण बोलवा आणि उरकून टाका. माय ऐकेना. माझ्या लेकीचा मान मी दुसरीले देणार नाही, बाई येईन तेव्हाच नाव, असं तिनं जाहीर केलं आणि पाळणा दोरीनं वर आढ्याला बांधून टाकला.

झालं, पोट्टी बिननावाची. वहिनी तिला सोनू म्हणायची, माय चिमणी, भाऊ माकड. लस टोचायला नेली तेव्हा नर्सबाईनं नाव विचारलं, तर वहिनी म्हणाली, अजून आत्या यायची हाय. पुढच्या लशीला नर्सबाईनं पुन्हा विचारलं. वहिनीचं तेच उत्तर. नर्सबाई म्हणाली, आत्या काय परदेशात असते का. वहिनी म्हणाली, नाही, दिग्रसले. घरी येऊन वहिनी पदरात तोंड घालून रडली. इतक्या वर्षांनी देवानं दिली, आणि तिला हाक काय मारायची तेच ठरत नाही, याचं तिला फार लागलं होतं. मला भाऊचा इतका राग आला, की त्याचा मोबाइल बिघडला तेव्हा मी तो मुद्दाम चार दिवस दुरुस्त केला नाही.

तर अशा वेळी माझ्या हाती एक नवीन कार्टून लागलं. गोष्ट एवढीशी. शेतकरी बादली घेऊन येतो, घागरा घातलेली गाय दूध द्यायला तयार नाही. तो मागं, ती पुढं. ती झाडावर चढते, तो खालून शेपूट धरून हापशासारखी वरखाली करतो, ती त्याच्या डोक्यात बादली घालते, आणि शेवटी दोघं हात धरून गुडघ्यात वाकून खालीवर. पाहता पाहता माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. बाई माझ्याशी बोलत होती, भाऊ माझ्याशी बोलत होता. ते दोघं एकमेकांशी बोलत नसतील तर नसोत. त्यांचे आवाज तर बोलू शकतील.

बाईला मी मूळचा आवाज बंद केलेला तुकडा पाठवला. सांगितलं, गाय तू, मनाला येईल ते बोल, बाकी मी पाहून घेतो. शेतकरी कोण, ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिनं आधी विचारलं, गायीले घागरा कायले. मग विचारलं, शेपटीवरून घालतीन कसा.  मग तिनं जे बोलून पाठवलं ते इतकं गोड, की जणू गाय हळदीकुंकवाला आली आहे. मी फोन करून म्हटलं, बाई, ही गाय चिडलेली आहे.  मग तिचं एक लांबलचक रेकॉर्डिंग आलं.

"मले कोणं विचारलं होतं? सकाळी दावं सोडलं न् टेम्पोत चढवलं. कुठं नेऊन राह्यले, कोणाच्या दारात बांधतीन, एक शब्द नाही सांगितला. नवं घर, नवी माणसं, एक हात ओळखीचा नाही. मंग कोठून येईन पान्हा? अन् वरून म्हणते, हिले येतच नाही."

कार्टूनमध्ये टेम्पो नाही. आणि शेवटचं वाक्य तर गायीचं नव्हतंच. येत नाही असं गायीला कोणी म्हटलं नव्हतं, ते भाऊनं बाईला म्हटलं होतं. मी दुकानात एकटाच बसलो होतो, तरी उगाच स्क्रू शोधत खाली वाकलो. डोळे भरून आले होते माझे.

आता भाऊ. त्याला पकडणं कठीण. संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा तो कोठ्यात तांबडीला पिळायला निघाला होता. म्हटलं, शेतकऱ्याचा आवाज दे. म्हणाला, वेळ नाही. म्हटलं, वेळ नको देऊ, मी फोन इथं खुंटीला टांगतो, तू पिळताना रोज जे बोलतोस तेच बोल. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. विचारलं, हे पाह्यते कोण. मी म्हटलं, कोणीही, अनोळखी लोक. आपल्या घरचं कोणी पाह्यते काय, त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, घरच्यांना कुठं वेळ आहे. मग त्यानं मला कोठ्याबाहेर हाकललं.

भाऊच्या तोंडात शिव्या असतात हे मला माहीत होतं, गावालाही माहीत होतं. त्याचा जीव ज्याच्यावर जास्त त्याच्या वाट्याला जास्त. आजारी बैलाच्या उशाशी रात्रभर बसून तो त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये जे होतं ते ऐकून माझे कान तापले. बयताडे, भवाने, मुर्दाडे, ही आपली सुरुवात, देवाचं नाव घ्यावं तशी. पुढच्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत. त्यातली एक तर एका म्हशीला आणि तिच्या समस्त नातेवाइकांना धरून होती, ती ऐकून मी उठून उभा राहिलो. आणि प्रत्येक शिवीच्या मागं बादलीत पडणारी धार. शिवी, सर्रर्र. शिवी, सर्रर्र. मला वाटलं, वा, काय ताल आहे. कार्टूनच्या संगीतावर आपोआप बसतोय. माझं डोकं एवढंच चाललं.

शटर अर्धं ओढून दुपारभर मी ते जोडलं. अगदीच असह्य शिव्यांवर कोंबड्याचं आरवणं टाकलं. तो बादली घेऊन शिव्या देत पळतोय, ती झाडावर बसून म्हणतेय, मले कोणं विचारलं होतं. तो शेपूट ओढतोय, ती म्हणतेय, एक हात ओळखीचा नाही. दोघं समोरासमोर बसून भांडले असते तरी इतकं चपखल जमलं नसतं. मी ते टाकलं आणि देवाचं नाव घेतलं.

लोकांना ते तुफान आवडलं. यवतमाळच्या एसटीत मागच्या सीटवर कोणीतरी मोठ्यानं लावलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. कोंबडा सारखा का आरवतो, असं एका म्हातारीनं विचारलं आणि अख्खी गाडी हसली. फिरत फिरत ते बाईच्या गावच्या बायकांच्या ग्रुपवर पोचलं. दुसऱ्या दिवशी बाईचा फोन. मी मनातल्या मनात मार खायची तयारी करून उचलला.

बाई जोडाजोडीबद्दल काही बोलली नाही. तिनं एकच विचारलं.

"तो गायीले रोज अशा शिव्या देते काय?"

मी म्हटलं, रोज. दोन्ही वेळा.

"अन् गाय त्याच्यावरच पान्हा सोडते?"

 ते शिवी, सर्रर्र, शिवी, सर्रर्र माझ्या कानात वाजायला लागलं. एवढा वेळ मी ते कापत होतो, जोडत होतो, आणि मला उजेड पडला नव्हता. बाईला पडला, कारण त्या गायीच्या पायाशी बादली धरून आठवडाभर ती बसली होती.

बाई म्हणाली, "मी तिले लक्ष्मी म्हणत बसली. मंग त्यानं मले सांगितलं काहून नाही? त्याले विचार."

मी दुकान बंद करून सरळ वावरात गेलो. भाऊ तुरीत फवारणी करून धुऱ्याच्या बांधावर पाणी पीत होता. बाईनं व्हिडिओ ऐकला म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. तांब्या खाली ठेवून तो मटकन बसला.

"सगळं ऐकलं?" त्यानं विचारलं. "ती म्हशीवालीसुद्धा?"

मी म्हटलं, म्हशीवालीवर मी कोंबडा टाकला होता, पण अर्धी राहिली.

त्यानं डोक्याला हात लावला. मग हळूहळू बोलायला लागला. त्याला सगळं माहीत होतं. एकदा त्याचा घसा बसला होता तेव्हा तांबडीनं त्याच्याजवळही पान्हा चोरला होता. वासरू होती तेव्हापासून त्याच्याच शिव्या ऐकत मोठी झालेली, तिला वाटतं पिळणाऱ्या माणसाची हीच भाषा असते. म्हटलं, मग बाईला फोन करून सांगायला काय झालं होतं. फसव्या म्हणवून घेतलंस, भाऊबीज घालवली, पोरीचं नाव अडकवलं.

"तिच्यासमोर कसं बोलू?" भाऊ म्हणाला.

मग त्यानं ती गोष्ट सांगितली. तो लहान असताना बाजारातून एक शिवी शिकून आला आणि घरी येऊन बाईला देऊन पाहिली. बाईनं त्याचं नाक दाबलं, तोंड उघडलं तसं जिभेवर चिमूटभर तिखट ठेवलं. भिवापुरी मिरचीचं, घरी कांडलेलं. पोरगं रांजणात डोकं घालून बसलं संध्याकाळपर्यंत. त्या दिवसापासून बाईसमोर त्याच्या तोंडून वावगा शब्द गेला नाही. बाईला वाटतं, आपला भाऊ म्हणजे गोगलगाय. आणि त्याला ते वाटणं मोडायचं नव्हतं. फसव्या म्हटलं तरी चालेल, पण शिवराळ म्हणू नये. आता या माणसाला काय म्हणावं. मिशीत पांढरं आलं आहे त्याच्या.

मी तिथूनच बाईला फोन लावून सगळं सांगितलं. भाऊ पाठ करून उभा होता, पण कान इकडंच.  बाई म्हणाली, पाळणा खाली काढून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टँडवरून गाडीवर घेतलं. तिच्या पिशवीत झबलं, टोपडं, चांदीचे वाळे, सगळं नवं. दिवाळीच्या आधीच आणून ठेवलं होतं म्हणाली, म्हणजे पोट्टी झाली त्याच आठवड्यात. आणि कमरेला एक कागदाची पुडी खोवलेली. काय आहे विचारलं तर सांगेना. पण वारा तिच्याकडून माझ्याकडं होता. खड्ड्यात गाडी आदळली तशी मला सटासट दोन शिंका आल्या.

भाऊ दारात उभा होता. नवा सदरा घालून. "या. बसा. प्रवास कसा झाला?" असं त्यानं विचारलं, बँकेतला माणूस विचारतो तसं. बाईनं ओसरीवरची बादली उचलली आणि सरळ कोठ्यात गेली. तिथून तिची ती तीन वावरांची हाक आली, आणि भाऊ चपला हातात घेऊन पळत गेला. मीही गेलो.

बाई म्हणाली, "शिकव मले."

भाऊ गायीजवळ बसला. खाकरला. दे बाई, दे, असं काहीतरी पुटपुटला. तांबडीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं, की हा कोण. कास आखडली. बाई म्हणाली, असं नव्हतं त्याच्यात. भाऊ म्हणाला, तुझ्यासमोर नाही होत. घाम फुटला होता त्याला. मग बाई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, मी नाही इथं, बोल.

भाऊ बयताडेपासून सुरू झाला. दबक्या आवाजात. मग भवानी, मग मुर्दाड, आणि मग बांध फुटला. पण मला लवकरच कळलं, की तो गायीला बोलत नाही. भाऊबीजेला वाट पाह्यली तुई, मुर्दाडे. पोट्टी झाली तं साधा फोन नाही केला, भवाने. इथं माय रडून राह्यली, बायको रडून राह्यली, अन् तू तिकडं बसली ताठून. बादलीत धार पडायला लागली होती. भिंतीकडं तोंड केलेल्या बाईचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

मग तिनं पदर खोचला आणि त्याला बाजूला सारून स्वतः बसली. पहिली शिवी तिनं इतक्या गोड आवाजात दिली, की तांबडीनं लाथ उचलली. "पोटातून बोल," भाऊ म्हणाला. बाईनं दम घेतला आणि बांधावरचा आवाज काढला. म्हशीवाली. पुरी, नातेवाइकांसकट, कोंबड्याशिवाय. माळकऱ्याच्या घरची सून. तांबडीनं कान टवकारले आणि पान्हा सोडला. बादलीत फेस चढला. मी हळूच फोन काढला, तर दोघं एकाच वेळी माझ्यावर ओरडले आणि दोघांनी एकच शिवी दिली. इतक्या दिवसांनी त्यांचं एकमत झालं होतं.

बारसं त्याच संध्याकाळी. येटाळातल्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, बाया जमल्या, वहिनी नवं लुगडं नेसली, मायनं मोठ्या गंजात घुगऱ्या शिजवल्या. बाईनं पोट्टीला पाळण्यात घातलं, वाकून कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. बाया तिच्या पाठीवर तुटून पडल्या. एवढा उशीर केला म्हणून प्रत्येकीनं जास्तीची घातली. नाव काय, ते वहिनीनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी नर्सबाईला फोन करून सांगितलं. मी इथं लिहीत नाही.

पाठ चोळत बाई उभी राहिली. तिनं कमरेची पुडी काढली आणि उलगडली. लालभडक. जवळच्या बाया शिंकत मागं सरकल्या. बाईनं भाऊला समोर बोलावलं.

"तोंड उघड," ती म्हणाली.

 भाऊनं मायकडं पाहिलं. मायनं पाळण्याची दोरी धरून दुसरीकडं तोंड केलं. मग एका लेकीच्या बापानं, सगळ्या येटाळासमोर, डोळे गच्च मिटले आणि मुकाट्यानं तोंड उघडलं.

बाईनं पुडी बांधून वहिनीच्या हातात दिली.

"ठेव हे," ती म्हणाली. "पोट्टी बोलाले लागली की लागन. बापावर गेली तं."

आणि गंजातून मूठभर घुगऱ्या घेऊन तिनं भाऊच्या उघड्या तोंडात कोंबल्या. भाऊ चावत राहिला. डोळे त्यानं बऱ्याच वेळानं उघडले, आणि तिखट न लावताच ते लाल झाले होते.